बाण हलवायला काय उरलं

डॉक्टरांनी केबिनचं दार स्वतः उठून लावलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. जळगावच्या त्या दवाखान्यात आत आम्ही दोघंच बसलो होतो, मी आणि माझे थोरले दीर. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. ज्यांचं दुखणं होतं ते माझे मिस्टर, दिलीप, बाहेर बाकावर शर्टाची बटणं लावत होते. एक बटण लावायला त्यांना किती वेळ लागतो हे मी गेले तीन महिने पाहत होते.

"मोटर न्यूरॉन डिसीज," डॉक्टर म्हणाले. मग कागदावर मेंदू, मणका आणि हात काढून समजावलं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हुकूम पोचत नाही, म्हणून स्नायू सुकतो. यांचा उजव्या हातापासून सुरू झालाय. पुढे दुसरा हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते आणि डोळे बहुधा सगळ्यांत उशिरापर्यंत हलतात.

"बरा होणारा आजार नाही. एक गोळी आहे, ती थोडं लांबवते. पेशंटला आत बोलवा, मी सांगतो."

"नोको साहेब," आबा म्हणाले. "त्याले सांगजो नोको. पोटात धरून बसीन तो. दुखन्याआधी धसक्यानंच जाईन."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रावेरात मी भांडकुदळ म्हणून ओळखली जाते. आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि रांगेत घुसणाऱ्याची मी गय करत नाही, मग तो सरपंच असो. त्या दिवशी मात्र मी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"मानेची नस दबली हाये," आबांनी सांगितलं. "गोळ्या देल्या."

हे हसले. चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रस्त्यात थांबून त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला.

आमच्याकडे दुखणं आधी घरातल्या थोरल्याला सांगतात, मग बायकोला, आणि दुखणेकऱ्याला सगळ्यांत शेवटी किंवा कधीच नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट याला माया समजतात. मीही तेच समजत होते. हे लिहितेय ते एवढ्यासाठीच, की उद्या तुमच्यासमोर कुणी डॉक्टर असं दार लावून घेईल, तेव्हा तुम्ही मान खाली घालू नये.

सुरुवात झाली ती माउसपासून.

दुकानाच्या मागच्या खोलीत हे ठिबकचे आराखडे काढायचे. शेतकरी शेताची मापं घेऊन येतो. विहीर कुठे, उतार कुठे, केळीची ओळ कशी, हे पाहून मोठा पाइप कुठून न्यायचा, व्हॉल्व्ह कुठे बसवायचे, बारीक नळ्या किती अंतरावर टाकायच्या, हे सगळं कॉम्प्युटरवर आखायचं. तालुक्यातल्या कितीतरी केळीबागांत यांनी आखलेल्या रेघेवरून पाणी फिरतं. हात इतका स्थिर, की चहाचा कप दुसऱ्या हातात धरून रेघ मारायचे.

एके दिवशी म्हणाले, माउस खराब झालाय, डबल क्लिक घेत नाही. नवा आणला. आठ दिवसांत तोही "खराब" झाला. तिसरा आणला तेव्हा मीच त्यांच्या खुर्चीत बसून पाहिला. माउस ठणठणीत होता. मग एका शेतकऱ्याने पाइप पुरून झाल्यावर तक्रार केली की वरच्या चार ओळींना पाणीच चढत नाही. आराखडा उघडून पाहिला तर एक व्हॉल्व्ह जागेवरून घसरला होता. बोट निसटलं आणि तो वाटेतच सुटला होता. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. हे त्या शेतात जाऊन स्वतः माफी मागून आले.

त्या सुमारास त्यांच्या दंडाची कातडी झोपेतसुद्धा आतून फडफडायची. डॉक्टरी भाषेत त्याला फॅसिक्युलेशन म्हणतात, म्हणजे हुकूम तुटलेला स्नायू आपला आपण उडतो. मला वाटलं थकवा. मग मानेचा एमआरआय झाला आणि ईएमजी झाली. ईएमजी म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचून त्याच्यात वीज किती खेळते ते पाहतात. सुई टोचताना हे हूं की चूं करत नव्हते, आणि तंत्रज्ञाचा चेहरा मात्र पडत चालला होता.

आमची मुलगी प्राची धुळ्याला नर्सिंग शिकते. तिला मी खरं सांगितलं. ती रडली, मग दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, पप्पांना इकडे आण, इथे एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडम आहेत. आजाऱ्याला रोजची कामं नव्या तऱ्हेने करायला शिकवणं हे त्यांचं काम.

मॅडमनी यांना ट्रॅकबॉल दिला. हा उलटा केलेला माउस समजा. तो जागचा हलत नाही, त्याच्या पाठीवर लिंबाएवढा गोळा असतो आणि तो तळव्याने फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. बोटांत जोर लागत नाही. क्लिक करायला दुसऱ्या हाताखाली मोठं बटण. यांना तो खेळ फार आवडला. अर्ध्या तासात त्यांनी एक चौकोनी शेत आखून दाखवलं.

यांना प्राचीबरोबर चहाला पाठवून मॅडमनी मला थांबवून घेतलं.

"मंगलाताई, हा काही महिन्यांचा सोबती आहे. हेड माउस आत्ताच सुरू करा. स्क्रीनवर छोटा कॅमेरा बसतो, कपाळावर चमकणारी टिकली लावायची, मान हलेल तसा बाण हलतो. बाण एका जागी थोडा वेळ धरला की क्लिक आपोआप होतं. पण ते मानेला शिकवावं लागतं. गरज पडल्यावर शिकू म्हणाल, तर तोवर शिकणारा स्नायूच गेलेला असतो."

मी म्हणाले, "हात दुखतोय तर कपाळाला टिकली कशाला, असं त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

मॅडमनी विचारलं, "त्यांना माहीत नाही?"

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. कॅमेऱ्याचा डबा मात्र त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला. घरी आल्यावर मी तो कपाटात साड्यांच्या खाली सरकवला आणि कपाटाची किल्ली कंबरेला लावली.

पुढचे पाच महिने ट्रॅकबॉलवर गेले. आधी उजवा तळवा, मग डावा. मी बाहेर फॉर्म भरताना आतला गोळ्याचा गरगर आवाज ऐकत असायचे. तो थांबला की माझा हातही थांबायचा. आराखडा पूर्वी दोन तासांत व्हायचा, आता दोन दिवस लागत. शेतकरी थांबायचे. मग बोलणं जड झालं. एका गिऱ्हाइकाने फोनवर त्यांना विचारलं, "दिलीपभाऊ, भर दुपारी घेतली का?" या माणसाने जन्मात थेंब चाखला नव्हता. ते हसून मला म्हणाले, "नस लई दबली वाटते."

खोटं एकटं राहत नाही, त्याला पोरंबाळं होतात. मानेची नस दबली म्हटल्यावर गाव मानेच्या मागे लागलं. कुणी शेक सांगे, कुणी लेप. आणि कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलं की बोदवडच्या पुढे एका खेड्यात मान बसवणारा आहे, दोन झटक्यांत नस मोकळी करतो. हे हट्टाला पेटले. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. नस दबली असेल तर ती मोकळी करायला नको?

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, कारण सांग. कारण माझ्याजवळ होतं आणि सांगायची सोय नव्हती. मी आबांकडे गेले. आबा ओसरीवर बसले होते. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

"जाऊ दे त्याले," म्हणाले. "मनाले समाधान. तेल लावीन न् सोडीन तो."

त्या मान बसवणाऱ्याने तेल लावलं. मग एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे घेतला आणि झटका दिला. मी समोर उभी होते. असा आवाज मी ऊस मोडताना ऐकला आहे. यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ते म्हणाले, "मोकळं वाटतं."

घरी येईपर्यंत मान सुजली होती. आठ दिवस पट्टा लावून झोपवलं. पट्टा काढला तेव्हा मान पुढे पडली ती पडलीच. धुळ्याच्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, "मान आजाराने जाणारच होती. पण तुम्ही तिला लवकर धाडलं." किती लवकर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी कपाट उघडलं.

डब्यातल्या टिकल्या दमटपणाने चिकटेनात. मी नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमचा तुकडा कापून आणला, आपण ट्रॉलीला लावतो तोच, आणि यांच्या कपाळावर चिकटवला. आरशात पाहून म्हणाले, "आता मले कोनी ट्रक धडकनार नही." मी हसले. बाण उजवीकडे गेला, डावीकडे गेला. वर जायला मान उचलावी लागते. बाण पडद्याच्या खालच्या कडेला जाऊन बसला आणि तिथून हलेना. मी हनुवटीखाली हात धरला. मग बाण माझ्या हाताने हलायला लागला. तो काही त्यांचा बाण नव्हता.

त्यांचं लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेलं. त्यावर धुळ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी होती, ट्रॅकबॉल घेतला त्या दिवसाची.

"हे तवापासून घरात हाये?" शब्द चावल्यासारखे आले, पण मला कळले.

मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, दार लावलेली केबिन, आबा, मी, कपाट. ते रडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्याजवळ राग दाखवायला तेवढंच उरलं होतं. दोन दिवस मी भरवताना, पुसताना, कूस बदलताना डोळे मिटलेलेच होते. मी माफी मागितली, ओरडले, मग गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता काय काय जाईन ते सांग." मी क्रमाने सांगितलं. मला आठवतं, सांगताना माझा आवाज फॉर्म वाचून दाखवतात तसा झाला होता.

महिनाभरात पाणी ठसक्याबरोबर छातीत गेलं. ताप चढला, ओठ निळे पडले. रावेरहून धुळ्यापर्यंत अँब्युलन्समध्ये मी त्यांची हनुवटी धरून बसले. अॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणाले, म्हणजे गिळलेलं पोटाऐवजी फुप्फुसात जाऊन तिथे जंतू होतात. बायपॅप लावलं. हे तोंड-नाकावर बसणारं मास्कचं मशीन, ते हवा ढकलून आत घालतं. बोलणं संपलं. तीन दिवस ते नुसते बघत होते आणि आम्ही अंदाज करत होतो. ऊन लागतं का? तहान लागली का? प्रत्येक वेळी डोळे कुठेतरी दुसरीकडेच जायचे.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. पुढची पायरी ट्रेकिओस्टॉमी. गळ्याला खालून भोक पाडून श्वासाची नळी बसवायची आणि ती मशीनला जोडायची. "एकदा जोडली की बहुतेक कायमची. घरी मशीन, वीज गेली तर बॅटरी, चोवीस तास माणूस. त्याने आयुष्य वाढेल. आजार मात्र थांबणार नाही, डोळेसुद्धा पुढे जाऊ शकतात. नको असेल तर आम्ही त्रास होऊ देणार नाही, पण मग दिवस थोडे. उद्या संध्याकाळपर्यंत ठरवा."

"सही कर तू," आबा म्हणाले. "त्याले काय इचारायचं? कोनता मानूस नही म्हनीन?"

पेन माझ्या हातात दिलं होतं. पुन्हा तसाच डॉक्टर, तसंच लावलेलं दार, आणि दारापलीकडे तोच माणूस. मी पेन परत केलं. म्हणाले, "आबा, एकदा तुमचं ऐकलं. आता त्यांचं ऐकायचं."

"तो बोलीन कसा?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी मॅडमना फोन लावला.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आय ट्रॅकर घेऊन आल्या. स्क्रीनखाली बसणारी वीतभर काळी पट्टी. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती डोळ्यांवर टाकते आणि बुबुळ कुठे पाहतंय ते ओळखते. आधी स्क्रीनवर पाच ठिपके येतात, प्रत्येकाकडे टक लावून पाहायचं, म्हणजे यंत्राला तो डोळा कळतो. मग पाहू तिथे बाण.

पहिल्यांदा यंत्राने डोळाच धरला नाही. मास्कची कड आडवी येत होती. डॉक्टरांनी नुसता नाकावरचा मास्क दिला, तोही अर्ध्या तासापुरता. दुसऱ्या वेळी खिडकीतलं ऊन पट्टीवर येत होतं. वॉर्डातल्या मावशी लादी पुसत होत्या. त्यांनी फडकं टाकलं आणि एकटीने पलंग फिरवला. मला म्हणाल्या, "रडू नको माय. डोया चांगला शेतस ना त्यास्ना? मंग बठ्ठं शे." डोळे चांगले आहेत, म्हणजे सगळंच आहे, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या वेळी तीन ठिपके लागले आणि पापण्या मिटल्या. मला त्या दोन दिवसांची आठवण झाली. वाटलं, आता मिटले ते उघडणारच नाहीत. ऑक्सिजनचा आकडा खाली येत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "दिलीपभाऊ, घाई नाही." घाई होती. सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या वेळी बाण हलला.

स्क्रीनवरच्या अक्षरांच्या पाटीवरून तो धडपडत फिरू लागला. एका अक्षरावर थांबायचा, भोवती एक गोल भरायचा, अक्षर उमटायचं. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. सहा-सात मिनिटांनी स्क्रीनवर तीन शब्द होते: "डावा पाय खाजतो."

इतके दिवस त्यांचा पाय खाजत होता आणि आम्ही त्यांना पाणी विचारत होतो. मी चादर वर केली आणि तो पाय खाजवला. रडू आलं ते मी आवरलं नाही.

मग मी विचारलं. डॉक्टर, मॅडम आणि आबा तिथेच होते, आणि दार उघडं होतं. नळी म्हणजे काय, लावली तर काय, नाही लावली तर काय, डॉक्टरांनी जे जसं सांगितलं ते तसं सांगितलं. डोळे पुढे जाऊ शकतात, तेही सांगितलं. माझ्या मनात त्यांनी हो म्हणावं असं होतं. ते मात्र मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात गप्प राहून केलेलं तेवढं एकच काम मला पटतं.

बाण एकेका अक्षरावर थांबत गेला. लिहिलं, "नळी नको."

डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. तेच आलं. तिसऱ्यांदा विचारायचं कारण नव्हतं, तरी मी विचारलं. उत्तर बदललं नाही. मग आबा पुढे आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"दिलप्या," ते म्हणाले, "तुह्या मनात काय हाये? मी आडवा येनार नही."

धाकट्या भावाला त्यांनी काही विचारलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. बाण पाटीवर फिरला. "घरी. आता ठसका लागला तरी परत इथे नको. आबा तुम्ही रडू नका."

अठरा दिवसांनी आम्ही रावेरला आलो. त्याला आता सात महिने होतील. डॉक्टरांनी इतकं धरलं नव्हतं. नाकाचा मास्क बहुतेक दिवसभर असतो. काळी पट्टी मॅडमनी ओळखीच्या एका घरून मिळवून दिली. तिथला माणूस गेला होता. त्या घराचे आणि मॅडमचे उपकार मी कुठे फेडणार? त्या पट्टीवर दिवसाला चार-पाच ओळी होतात. एकदा त्यांनी एका शेतकऱ्याचा आराखडा तपासला, आणि व्हॉल्व्ह कुठे चुकलाय ते बाण नेऊन दाखवलं. हे मी लिहिलेलंही त्यांनी वाचलं आहे. मान बसवणाऱ्याबद्दल मी जास्त कडक लिहिलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. पाटीवर लिहिलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला आपण खोटं सांगितलं होतं.

अलीकडे डाव्या डोळ्याची पापणी उशिरा उठते. मॅडमना कळवलं, त्या म्हणाल्या, उजव्या एका डोळ्यावर लावून पाहू. ते मी यांच्यासमोर स्पीकरवर बोलले.

तुमच्याही घरी असं काही आलं, तर यंत्र लवकर आणा, हातात जोर असताना मानेचं आणि मानेत जोर असताना डोळ्यांचं. पण त्याआधी माणसाला खरं सांगा. नाहीतर यंत्र कपाटात पडून राहतं.

काल दुपारी अंग पुसताना मला त्यांची पाठ गरम लागली. उन्हाळा आहे, पंखा गरम हवा फेकतो, असं मनाला सांगून पाहिलं. श्वास थोडा वाजत होता. पुन्हा ताप आला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे आणि त्याखाली मी, प्राचीने आणि आबांनी सही केली आहे.

मी त्यांना विचारलं, थर्मामीटर लावू का? बाण "हो"वर जाऊन थांबला.

काखेत लावला, वाजेपर्यंत थांबले. मग आकडा आधी त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांचा वाचून झाल्यावर मी पाहिला.